दणकट चष्मा

कादोरेतल्या आपल्या कारखान्याचा सुरक्षा-चष्मा किती दणकट आहे हे पटवायला उल्देरिकोने तो स्वतःच चढवला आणि चाचणीच्या बंदुकीसमोर ऐटीत खुर्ची टाकून बसला. संगमरवराच्या खाणीचा मालक दोन हजार चष्म्यांच्या मागणीवर सही करायला पेन उघडून तयार होता. रोज चष्मा चढवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर पोलादी गोळी झाडणाऱ्या उल्देरिकोच्या बायकोने, नीवेसने, शांतपणे नेम धरला.

"शनिवारी बेल्लुनोला कुणाबरोबर जेवलास रे?"

"अगं थांब, थांब!" चष्म्यावर दोन्ही हात दाबून उल्देरिको ओरडला. "सिल्वानाबरोबर! पण नुसता मक्याचा पोलेंता खाल्ला गं, आईशप्पथ!"

खाणमालकाने पेनाला टोपण लावलं.


"बायको करेल हो माफ. पण तुमचाच भरवसा नसलेला चष्मा मी माझ्या माणसांना कसा देऊ?"