खुर्चीपुढचा कोरा चहा

"ती खुर्ची उचला, चेची. चॅनेलच्या मालकांचा शेवटचा निरोप आहे," बिनोयनं हात जोडले. कार्यक्रमाचा निर्माता असूनही तो एलिकुट्टीला चेची, म्हणजे ताई, म्हणे आणि टरकून असे. "आज ती पडद्यावर दिसली, तर उद्यापासून कार्यक्रम बंद. आणि तुम्ही घरी."

"बरं होईल. माशाचं कालवण शिकायचं राहूनच गेलंय," एलिकुट्टी म्हणाली. आणि तिनं रिकाम्या खुर्चीपुढं स्वतःच्या हातानं कोऱ्या चहाचा ग्लास ठेवला.

केस काळे होते तेव्हापासून ती तिरुवनंतपुरमच्या या स्टुडिओत राजकारण्यांना प्रश्न विचारत आली होती. उन्हाळ्यात तिनं बंदरमंत्री सुगतन यांना विचारलं, "पुदुमुक्कू गावची समुद्रभिंत कागदावर पुरी झालीय. किनाऱ्यावर कुठंय?" मंत्री तडक उठून गेले. पक्षानं कार्यक्रमावर बहिष्कार घातला. तेव्हापासून ती रोज त्यांची खुर्ची मांडायची, चहा ठेवायची आणि आधी त्या खुर्चीलाच प्रश्न विचारायची. लोक हसले. म्हातारीला चळ लागला म्हणाले. पण पुदुमुक्कूची घरं लाटांत जातच होती, आणि तिला दुसरा प्रश्न सुचतच नव्हता.

कालवणाची थट्टा ठीक होती, पण इथून उठवलं तर आपण कोण, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

दिवे लागले. थेट प्रक्षेपण सुरू झालं.

"नमस्कार. सुगतनसाहेब, भिंत कुठंय?" तिनं खुर्चीला विचारलं.

तेवढ्यात दार ढकलून खुद्द मंत्रीच आत आले. एकटेच. नेसलेल्या पांढऱ्या मुंडूच्या काठाला ओली वाळू लागलेली.

"काय करणी केलीत हो, चेची?" ते कॅमेऱ्यासमोरच कडाडले. "मतदान तोंडावर आलंय. मतं मागायला पुदुमुक्कूत गेलो, तर दारोदार एकेक रिकामी खुर्ची! पुढं कोरा चहा! शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. एक माणूस तोंड उघडेल तर शपथ!"

"मग बसलात का कुठं?"

"छातीच झाली नाही."

"इथं बसा."

मंत्री बसले. हाताला काहीतरी हवं म्हणून त्यांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "थंडगार आहे."

"उन्हाळ्यापासून ठेवतेय, साहेब. भिंत कुठंय?"

मंत्र्यांनी ग्लास खाली ठेवला.

"बांधलीच नाही," ते म्हणाले.

काचेपलीकडे बिनोयनं कपाळाला हात लावला आणि मग खुर्चीवरून उडीच मारली. एलिकुट्टीला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण चेहऱ्यावर दिसू देईल ती एलिकुट्टी कसली!

"बिनोय, साहेबांना गरम चहा आणा," ती शांतपणे म्हणाली. "आता दुसरा प्रश्न."