साडेचारचं गाणं

मेहुण्याने गिटारवर पहिली ओळ छेडली आणि ड्रायव्हर खुर्चीतून ताडकन उठला. उजवा पाय आपोआप जमिनीवर चपला चाचपू लागला. खरं तर पायात नवेकोरे बूट होते, संध्याकाळचे सात वाजले होते आणि समोर साठ पाहुणे बसले होते. पाहुण्यांना वाटलं, गडी बायकोबरोबर नाचायला उठला. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्याच दिवशी दुपारी त्याने बसची किल्ली डेपोत जमा केली होती. तीस वर्षांची नोकरी संपली. लग्नालाही याच आठवड्यात पंचवीस वर्षं झाली, म्हणून बायकोने एकाच मांडवाखाली दोन्ही समारंभ उरकून घेतले. आपल्या भावाला तिने आधीच बजावलं होतं, "सुरुवात आमच्या गाण्यानेच करायची."

एके काळी ते खरंच दोघांचं गाणं होतं. नव्या संसारात संध्याकाळी रेडिओवर ते लागलं, की ड्रायव्हर खिडकीशी उभा राहून लोण्यासारखा वितळायचा. मग अकरा वर्षांपूर्वी त्याला पहाटेची पाळी लागली आणि बायकोने मोठ्या लाडाने तेच गाणं त्याच्या मोबाइलवर गजराला लावून दिलं. साडेचारचा गजर. उठताना गोड वाटेल, असं तिचं म्हणणं. आठवडाभर वाटलंही. दुसऱ्या महिन्यापासून मात्र त्यातली बासरी ऐकली, की ड्रायव्हर उशी कानांवर दाबायचा. गाणं तेच, गळाही तोच. पण पहाटे साडेचारला अमृत पाजायला कुणी उठवलं, तरी माणूस आधी त्याचा उद्धारच करणार.

पुढे पुढे प्रकरण फारच हाताबाहेर गेलं. एकदा भर दुपारी, गच्च भरलेल्या बसमध्ये एका प्रवाशाचा फोन त्याच सुरात वाजला. ड्रायव्हरने बस कडेला घेतली, खाली उतरला आणि रोज पहाटे बघतो तशी सगळ्या चाकांची हवा बघू लागला. कंडक्टरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, सकाळीच बघितलीत ना?" तेव्हा कुठे तो भानावर आला.

नंतर एका सुट्टीच्या दिवशी त्याने ते गाणं मुद्दाम संध्याकाळी लावून पाहिलं. तीच खिडकी, तेच ऊन. जुनं प्रेम परत यावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा. दुसऱ्या कडव्याला तो बेसिनपाशी उभा राहून दात घासत होता.

त्या दिवशी त्याला खरोखर वाईट वाटलं. पण बायकोला सांगणार कोणत्या तोंडाने? त्याने तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. आता मात्र उद्यापासून ड्यूटी नव्हती. आठ वाजेपर्यंत ताणून द्यायची स्वप्नं तो वर्षभर बघत होता. त्यासाठी तो गजर काढायला हवा होता आणि गजर काढायचा तर आधी खरं बोलायला हवं होतं.

बायको पुढे आली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं अवघडून गोल फिरू लागले. त्यांचं बघून आणखी काही पाहुणेही नाचायला उठले. मेहुणा डोळे मिटून गात होता, ड्रायव्हरच्या तोंडात टूथपेस्टची चव येत होती.

"अगं, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांगा की."

"मला हे गाणं ऐकवत नाही. अकरा वर्षं झाली. सूर कानावर पडला, की अंगावर काटा येतो बघ."

बायको थबकली. दोन पाहुणे त्यांच्यावर आदळता आदळता वाचले.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कसा बोलणार? रोज गजर वाजला, की तू झोपेतसुद्धा हसायचीस. म्हटलं, हिचा एवढा जीव आहे गाण्यावर, कशाला मोडता घाला?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. पण ते हसू दाबून दाबून भरले होते, हे त्याला जरा उशिराच कळलं.

"अहो, ते वाजलं की तुम्ही उठायचात. घोरणं बंद, पांघरूण माझं, अख्खा पलंग माझा! माझी खरी झोप तिथून सुरू व्हायची."

बायकोने कान देऊन भावाचं एक कडवं ऐकलं आणि नाक मुरडलं.

"संध्याकाळी एवढं काही खास नाही वाटत हो. हे पहाटेच ऐकावं. गजर तसाच राहू द्या, उद्यापासून साडेचारला फिरायला जात चला."