वाऱ्याची कबर

बॉनच्या पत्राला खियेम मास्तरांनी कधी उत्तर दिलं नाही. पत्र छोटंच होतं. 'मास्तर, होआंग सा बेटांच्या पाण्यात त्यांची मोठी जहाजं रेडिओवरून चिनी भाषेत दटावतात. आम्ही मान खाली घालून जाळी गोळा करतो. तुम्हाला ती भाषा येते. एकदा बोटीवर या आणि त्यांना सांगा, आमचे आजे-पणजे इथंच मासे धरायचे.'

मास्तरांना येत होती ती पुस्तकातली भाषा. बोलायला गेलो आणि ते हसले तर? शिवाय गुडघाभर पाण्याचीही त्यांना भीती. आज लिहू, उद्या लिहू, असं करता करता एका जहाजाने बॉनच्या बोटीला धडक दिली. बोट कशीबशी घरी, ली सॉन बेटावर परतली. बॉन परतला नाही.

आता मास्तर अंगणात बसून चिकणमातीचा माणूस घडवत होते. समुद्राने परत न दिलेल्याची इथं अशीच कबर होते, वाऱ्याची कबर. तुतीच्या फांद्यांची हाडं, मातीचं अंग. विधी जाणणारा म्हातारा वारल्यापासून हे काम मास्तरांकडे आलं होतं, पुस्तकं तेच वाचत म्हणून.

बॉनची बायको लिऊ समोर लसूण निवडत होती. "कबर केली म्हणजे ते पाणी सोडलं," असं म्हणून ती इतके महिने अडून बसली होती. परवा अचानक तयार झाली.

"तुमच्या मुलाने धाडलेला नवा चष्मा जन्मभर डब्यातच ठेवणार का, मास्तर?" तिने विचारलं.

"लागेल तेव्हा काढीन." मास्तरांनी दोऱ्याने बांधलेला जुना चष्मा नाकावर सरकवला. "बॉनला बोट लागायची का गं?"

"पहिल्यांदा सगळ्यांनाच लागते. आलं चघळायचं."

बंदरावर बोटींना परवाना देणारे थिन्ह साहेब सायकल टेकवून आत आले.

"बरं केलंत, वहिनी. आता बोटही विकून टाका. खलाशी तर यायला तयार नाहीत."

"रेडिओला जबाब देणारा असेल तर येतो म्हणतात. मुक्याने मार खायचा नाही म्हणतात."

"असा कोण मिळणार? आणि मिळाला तरी मी सोडणार नाही. वर बोलणी चाललीत. बडे देश म्हणजे रेडे; एकाची विमानवाहू जहाजं आलीत, दुसरा फुरफुरतोय. रेड्यांच्या टकरीत चिलटं मरतात."

"चिलट कानात शिरलं तर रेडा काय करतो हो, साहेब?"

थिन्ह हसले नाहीत. पुतळ्याकडे बघत म्हणाले, "बॉनला एवढा पोक कधी होता?"

"माती वाकते," मास्तर पुटपुटले. "खरं तर राजाच्या काळी हे पुतळे गेलेल्यांचे नसत, निघणाऱ्यांचे असत. समुद्राने पुतळा घ्यावा आणि माणूस परत..."

"मास्तर, तास संपला." थिन्ह सायकलीवर बसले. "उद्या येतो उदबत्ती लावायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं बेट कबरस्तानात जमलं. भात, उकडलेली कोंबडी, तांदळाची दारू मांडली होती. थिन्ह साहेब बंदराच्या कचेरीला कुलूप घालून, इस्त्रीचा सदरा घालून आले. लाल कापड पांघरलेला पुतळा खड्ड्यात ठेवला होता.

"मास्तर दिसत नाहीत?"

"गर्दीत लाजतात ते," लिऊ म्हणाली.

शंख वाजला. बोट निघताना वाजवतात तसा, लांबलचक. खाली बंदरातून कुठल्याशा इंजिनाची धडधड ऐकू आली आणि हळूहळू दूर गेली.

लिऊने बाहीत धरलेलं पाकीट काढून उदबत्त्यांच्या विस्तवावर धरलं. गेलेल्यांचं टपाल इथं असंच पोचतं. पाकिटावर मास्तरांचं नेटकं अक्षर होतं: 'कप्तान बॉन, होआंग सा.'

"काय लिहिलंय त्यांनी?" थिन्हनी विचारलं.

"एवढंच. येतोय म्हणून."

"येतोय?" थिन्ह म्हणाले. "आता कुठं? बॉन तर इथं..." आणि ते खड्ड्याकडे वळले.

वाऱ्याने लाल कापड सरकलं होतं. मातीच्या नाकावर दोऱ्याने बांधलेला जुना चष्मा होता.