लखनची फाईल

चंदननं बॅज तिच्या ओढणीला टोचूनच टाकला.

"आता तुम्ही आमच्या ताई झालात," तो म्हणाला. "ताई काय तशीच निघून जाते?"

सुलक्षणाला तसंच निघून जायचं होतं. जळगावच्या बसस्थानकाबाहेरचा हा रस्ता तिनं गेले तीन आठवडे टाळला होता. शाळा सुटली की लांबचा वळसा घालून ती घरी जायची. आज पाय दुखत होते म्हणून सरळ आली, आणि निळ्या जाकिटात देणग्या मागत फिरणाऱ्या तिघांनी तिला रसवंतीपाशी गाठलं. चंदन हा त्यांचा म्होरक्या.

सुलक्षणा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. दहावीची दांडगट पोरं तिच्या एका नजरेनं गप्प व्हायची. पण रस्त्यात कुणी हात जोडले की तिची बोलतीच बंद. मागच्या वेळी 'बघते' म्हणून ती पुढे सरकली होती, तर हाच चंदन मागून ओरडला होता, "बघा लोकहो, बाईंना एका लेकराचा जीव जड झाला!" माणसं वळून बघायला लागली होती. ती मुकाट्यानं परत आली होती, पर्स उघडली होती, आणि घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

चंदननं फाईल उघडली. फोटोत दवाखान्याच्या खाटेवर सात-आठ वर्षांचा मुलगा होता. नाकात नळी, छातीवर पट्ट्या, तरी गडी हसत होता.

"लखन. सातपुड्यातला. हृदयाला भोक आहे ताई. परवा ऑपरेशन झालं नाही तर लेकरू हातचं जाईल."

मागच्या महिन्यातही परवाच होतं, असं सुलक्षणाला म्हणायचं होतं. तोंडातून फक्त "हो का" एवढंच आलं.

"माले बी देखू दे रे भाऊ."

शेजारी एक म्हातारी येऊन उभी राहिली होती. नऊवारी लुगडं, काखेत कापडी पिशवी. बोलण्यावरून भडगावकडची वाटत होती. चंदनचा चेहरा खुलला. त्यानं फाईल तिच्याकडे फिरवली.

म्हातारीनं पिशवीतून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मग पोराच्या गालावरून हलकेच बोट फिरवलं.

"ह्या पोऱ्यानं नाव काय शे?"

"लखन, माय."

"आनि त्यानी माय कोठे शे?"

चंदननं मान खाली घातली. "माय गेली हो त्याची. मागच्या पावसाळ्यात. साप चावला."

"अरे देवा! मरी गई?"

"रडायलासुद्धा कुणी नव्हतं. मीच खांदा दिला."

"तू सोता खांदा दिधा?"

"याच खांद्यावर नेली तिला," चंदननं खांदा थोपटून दाखवला.

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. तिचं अंग गदगदत होतं. मग तिचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला. चंदननं पावतीपुस्तक उघडलंसुद्धा.

सुलक्षणाला वाटलं, आपलं गेलं ते गेलं. पण ही बाई कुठल्या कुठून आलेली, बसभाड्याचं गाठीला बांधून. तिचाही बटवा रिकामा होताना आपण नुसतं बघत उभं राहायचं?

"नाही!"

शब्द एवढ्या जोरात निघाला, की रसवाल्यानं घुंगरांचं चाक थांबवलं.

"मावशी, काही काढायचं नाही." तिनं म्हातारीचा हात धरला. "आणि तू रे, हात जोडून माणसं अडवतोस, आणि नाही म्हटलं की चारचौघांत त्यांची लाज काढतोस. मी देणार नाही. या देणार नाहीत. वाटेतून बाजूला हो."

"बघा लोकहो!" चंदननं आवाज चढवला. "एका लेकराचा जीव..."

"बघू देत ना! अजून मोठ्यानं ओरड. तुझा 'परवा' मागच्या महिन्यापासून उजाडला नाही, तेही सांग त्यांना."

घोळक्यात कुणीतरी फिसकन हसलं. दुसरं कुणी म्हणालं, "खरं आहे, माझ्याकडूनही नेलंय यांनी." निळ्या जाकिटातले दोघे एकेक पाऊल मागे सरकले. सुलक्षणानं ओढणीचा बॅज काढला आणि चंदनच्या फाईलवर टोचला. कितीतरी दिवसांनी तिला या रस्त्यावर ताठ मानेनं उभं राहता येत होतं.

"चला मावशी, तुम्हाला गाडीत बसवून देते."

म्हातारी जागची हलली नाही. तिनं बटव्यातून तंबाखूची डबी काढली, चिमूटभर गालात सरकवली आणि त्याच हातानं चंदनचं मनगट घट्ट धरलं. तोंडावरचा पदर बाजूला झाला. म्हातारी रडत नव्हती, हसू दाबत होती.

समोरच्या दुकानातून एक सहाफुटी गडी दुरुस्त केलेली विहिरीची मोटर खांद्यावर घेऊन बाहेर पडत होता.

"भूपेंद्र!" म्हातारीनं हाक मारली. "आठे ये रे बेटा, तुना फोटो देख! आनि तुनी मायले खांदा देनारा बी सापडी गया!"