डावा हातमोजा

“सूत्र नको,” पाहुणे परीक्षक म्हणाले. “तुमचं हे विश्व दिसतं कसं, तेवढं साध्या शब्दांत सांगा.”

इंगुन फळ्यापाशी नुसतीच उभी. चार वर्षं खपून त्या विश्वावर प्रबंध लिहिला पोरीने, आणि आता तोंडातून अक्षर फुटेना. परीक्षकांनी कागदावर काहीतरी खरडलं. पहिल्या रांगेत बसलेल्या बोर्गहिल्ड आजीने ते पाहिलं आणि पर्स मांडीवर ओढली.

मग रिवाजाप्रमाणे अध्यक्षांनी विचारलं, “श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न विचारून उमेदवाराला विरोध करायचाय?” विचारायचं असतं म्हणून विचारतात. बर्गनच्या त्या सभागृहात वीस वर्षांत कुणी उठलं नव्हतं.

आजी उठली.

“हिला ‘उमेदवार’ अशीच हाक मारायची हं,” अध्यक्ष गडबडले.

“कसली उमेदवार! हिचा शेंबूड पुसलाय मी.”

आजीने पर्समधून डाव्या हाताचा लोकरी हातमोजा काढला. इंगुनने तो लगेच ओळखला. आजोबा मासेमारीला निघाले, तेव्हा घाईत हा खुंटीलाच राहिला. उजवा त्यांच्याबरोबर गेला. ना बोट परतली, ना आजोबा. आजी मात्र नातीला सांगायची, “बुडतोय कसला तो! नाकासमोर गेलाय. सगळ्याला वळसा घालून मागच्या दाराने येईल.” पन्नास वर्षं तिने मागच्या दाराला कडी लावली नव्हती.

“हा नाकासमोर सोडला, तर तुझ्या विश्वात काय होईल गं?”

इंगुनने हातमोजा हातात घेतला. “फिरून इथेच येईल.” आवाज जरा सापडला. “पट्टीला पीळ देऊन टोकं चिकटवतात ना, तसा अख्ख्या अवकाशालाच पीळ आहे. म्हणून हा परत येईल तो उजव्या हाताचा होऊन.”

“उलटा न करता? आतली बाजू बाहेर काढून तर मीही करते की!”

“वाटेत कुणी बोट न लावता.”

सभागृह हसलं. “हेच विचारत होतो मी,” परीक्षक पुटपुटले आणि त्यांनी मघाचं लिहिलेलं खोडलं.

आजी काही बसेना.

“आणि माणूस?”

इंगुनने फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तोही येईल, आजी. फक्त काळीज उजवीकडे असेल.”

आजीने हातमोजा परत घेतला, अंगठा नीट दुमडून पर्समध्ये ठेवला.

“चालेल,” ती म्हणाली आणि खाली बसली.