आयत्या वेळचं वादन

पहिला तुकडा ढोलकीचा नव्हता, गझलेचा होता. स्टेजवरच्या तम्मण्णाला घाम फुटला. त्यानं डोळे मिटले आणि गिटारवर लावणी सुरू केली.

निपाणीतली ही १९८४ सालची स्पर्धा. कॅसेटवर नुसती साथ वाजणार होती, लावणीची, गझलेची आणि डिस्कोची. स्पर्धकानं ती आधी ऐकलेली नसावी, म्हणून पाळी येईपर्यंत त्याला लांबच्या खोलीत बसवायचं, आणि सुचेल ते त्यानं तिथल्या तिथं वाजवावं, एवढाच नियम. पहिल्या येणाऱ्याला कप आणि बेळगावच्या एका ऑर्केस्ट्रात कायमची जागा होती.

स्पर्धेचे अध्यक्ष अप्पासाहेब हे तम्मण्णाचे सख्खे मामा. त्यामुळं कॅसेट महिनाभर आधीच भाच्याच्या घरी आली होती. तम्मण्णानं तिथल्या तिथं सुचायचं सगळं पाठ केलं होतं. कुठं सुचल्यासारखं थांबायचं, कुठं मान झटकायची, तेही आरशासमोर बसवलं होतं. पण आज टेप लावणाऱ्याच्या हातून कॅसेट पुढं पळाली आणि क्रम बदलला. गझल आधी, मग डिस्को, आणि टेप मागं फिरवून लावणी शेवटी; पुढं सगळ्यांना तोच क्रम राहिला. तम्मण्णानं मात्र क्रम सोडला नाही. डिस्कोच्या दणदणाटात त्यानं गझल आळवली आणि ढोलकीवर डिस्को वाजवून मान झटकली.

त्याच्यानंतर अक्काताई आली. वडगावात साड्या विणणाऱ्या घरातली पोरगी. या खेपेला जमलं नाही तर गिटार विकून मागावर बसायचं, असं वडिलांनी बजावून पाठवलं होतं. गझलेला ती आधी दोन आवर्तनं गप्पच राहिली. मग एक सूर लावला, आणि तो विझेपर्यंत दुसरा लावला नाही. डिस्कोला मागच्या बाकांवरच्या बायकाही डोलायला लागल्या. लावणीच्या मध्यावर टेप अडकली, साथ रडवेली होऊन खाली घसरली. अक्काताईनं तारेवरचं बोट मागं ओढत आपला सूरही साथीबरोबर खाली नेला, आणि टेप सावरली तसा तिच्याबरोबरच वर आणला. लोकांनी बाकं बडवली.

परीक्षक मारुतीराव, निवृत्त बँडमास्तर, निकाल सांगायला उठले.

"तम्मण्णांच्या वादनाचा साथीशी काडीचाही संबंध नव्हता," ते म्हणाले. "म्हणजेच ते शंभर टक्के आयत्या वेळचं होतं."

अक्काताईला त्यांनी बाद केलं. आधी ऐकल्याशिवाय इतकं चपखल कुणालाही वाजवता येत नाही, आणि टेप कुठं अडकणार हेसुद्धा हिला ठाऊक होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. अप्पासाहेबांनी जड मनानं मान डोलावली. असले प्रकार आपल्या निपाणीत खपवून घेतले जाणार नाहीत, असं ते माइकवरून म्हणाले.

आपण कॅसेट ऐकलेली नाही, असं अक्काताईनं एकदा सांगितलं. पण तोवर कपाचा फोटो सुरू झाला होता. ती गिटार खोळीत घालून निघाली.

दारापाशी तम्मण्णानं तिला गाठलं. कप काखेत होता, चेहरा मात्र फसवल्या गेलेल्या माणसाचा. आजूबाजूला बघून तो हळूच म्हणाला, "कॅसेट तर फक्त माझ्याकडं आलती. मग तुला हे बसवून दिलं कुणी गं?"