पुढच्या रांगेतला रहस्यकथाकार

सिंधुबाईंनी नवऱ्याच्या मनगटावर बोट दाबलं. सावळीराम देवऱ्यांनी लगेच मान डोलावली आणि ओळखीचं हसले. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. "द्राक्षबागेतलं प्रेत! पहिलंच वाक्य!" बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं.

रंगमंचावर एका रहस्यकथाकाराची गोष्ट रंगली होती. त्याच्याच घरात खून झालेला आणि संशयही त्याच्यावरच. नाटक लिहिणाऱ्या स्नेहलने गंमत अशी केली होती, की सावळीरामांच्या कादंबऱ्यांतली वाक्यं तिने पात्रांच्या तोंडी गुपचूप पेरली होती. गडी बोलायचा ते एका कादंबरीतलं, फौजदार बोलायचा ते दुसरीतलं. नाशिककरांनी ही पुस्तकं वाचनालयात नंबर लावून वाचलेली. त्यामुळे वाक्य पडायचा अवकाश, ओळखायची नुसती चढाओढ. सगळं नाट्यगृह ओळखत होतं. ज्याने ती वाक्यं लिहिली, तो एकटा ओळखत नव्हता.

सावळीरामांचं विसरणं गेल्या वर्षी सुरू झालं. आधी चष्मा विसरायचे, मग घराची गल्ली, आणि आता पुस्तकंच्या पुस्तकं पुसली गेली होती. सिंधुबाईंनी ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. कुणी भेटायला आलं, की "ते लिहायला बसलेत" म्हणून वाटेला लावायचं. ज्या माणसाच्या डोक्याचं जन्मभर कौतुक झालं, त्याच्या डोक्याची कीव करायला लोक यायला लागले, तर तो हाय खाऊन मरेल, ही त्यांची धास्ती. स्नेहल आमंत्रण घेऊन आली तेव्हाही त्या हेच सांगणार होत्या. पण आतल्या खोलीतून आवाज आला, "येतो की! नाटकाला कोण नाही म्हणेल?" संपलंच मग. आता पहिल्या रांगेत मधोमध, मांडीवर शाल-श्रीफळ, दोन्ही अंगांना मान्यवर. उठून जायचं म्हटलं तरी दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागणार.

मनगटाची युक्ती बाईंचीच. त्यांचं वाक्य आलं की बाईंनी मनगट दाबायचं आणि त्यांनी ओळखल्यासारखी मान डोलवायची. देवऱ्यांची लिहायची रीत उलटी होती. आधी खुनी ठरवायचा, स्वयंपाकघरात येऊन तो बायकोला सांगायचा आणि मगच पहिलं पान लिहायला घ्यायचं. लिहिलेलं रोज तिलाच वाचून दाखवायचं. भाकरी थापता थापता बाईंनी असे किती खुनी पोटात ठेवले, त्याची गणतीच नाही.

मध्यंतरात स्नेहल धावत आली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"काकू, खरी मजा आता आहे. शेवटच्या प्रवेशाआधी आमचा शेखर, नाटकातला लेखक, नाटक थांबवतो, खाली उतरतो आणि थेट सरांनाच विचारतो, खुनी कोण? उत्तर सरांच्या पहिल्या कादंबरीत आहे. अख्खं नाटक मी त्या एका प्रश्नासाठी लिहिलंय!"

"नको गं बाई, त्यांना माईक नको देऊ. घसा बसलाय त्यांचा."

"एक नाव तर घ्यायचंय, काकू!"

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून बाईंनी तोंड उघडलं. पण शेजारी नवरा मन लावून बटाटेवडा खात होता. त्याच्यादेखत कसं सांगणार? तेवढ्यात घंटा झाली आणि पोरगी पळाली.

पुढचं नाटक सिंधुबाईंना दिसलंच नाही. त्यांनी मनगट दाबलं, तर सावळीरामांनी हात सोडवून घेतला. ते खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. श्वास जोरात चालला होता, मुठी आवळलेल्या. माणूस घाबरलाय, बाईंना वाटलं. आपणच त्याला या सापळ्यात आणून बसवलं, या विचाराने त्यांना रडू फुटायचं बाकी राहिलं.

आणि शेखर खाली उतरला. त्याच्या मागोमाग प्रकाशाचा झोत आला आणि सावळीरामांच्या तोंडावर थांबला.

"सर, आता तुम्हीच सोडवा मला. माझ्या घरात खून कुणी केला?"

माईक पुढे आला. सावळीराम शेखरकडे बघत राहिले. मागे कुणीतरी खाकरलं. सिंधुबाईंना ते सहन होईना. लोक बघतायत, माईक चालू आहे, कशाचंही भान न ठेवता त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"अहो, मेव्ह—"

सावळीरामांनी खाडकन बायकोच्या तोंडावर हात ठेवला.

"ए, सांगू नको!"

माईकमधून ते सगळ्या नाट्यगृहाने ऐकलं आणि जो हशा उसळला, तो थांबेचना. "वा, देवरे वा!" लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. शेखरने कोपरापासून हात जोडले. "लेखकाचाच हुकूम आहे म्हटल्यावर काय," असं म्हणत तो हसत हसत वर गेला. झोत विझला. देवाने राखलं, सिंधुबाई मनात म्हणाल्या. कुणाला काही कळलं नाही आणि यांनाही कळलं नाही, आपण कशातून सुटलो ते.

अंधारात सावळीरामांनी त्यांचा हात धरला. आवाज अगदी हळू, पण पोराला जत्रेत यावा तसा आनंद त्यात भरलेला.

"सिंधू, मी सगळं विसरलोय, ते मला माहीत आहे गं. पण जन्मभर मला शेवट आधीच ठाऊक असायचा. लोक माझी पुस्तकं जेवणखाण विसरून का वाचायचे, ते आज कळतंय."